हात वर नेला की खांदा दुखतो? 'शोल्डर इम्पिंजमेंट' म्हणजे काय आणि फिजिओथेरपीत त्यावर काय करतात?

माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला की खांद्यात कळ येते. दोरीवर कपडे वाळत घालताना, लोकलमध्ये वरची कडी धरताना, शर्टाची बाही चढवताना किंवा ब्लाऊजचं मागचं हुक लावताना दुखतं. हात खाली सोडला की बरं वाटतं, पण रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते.

ही तक्रार घेऊन दवाखान्यात गेलं की अनेकांच्या कागदावर एक शब्द लिहिला जातो: 'शोल्डर इम्पिंजमेंट'. त्यानंतर मिळणारे सल्ले मात्र वेगवेगळे असतात. कुणी दहा दिवस शेक घ्यायला सांगतं, कुणी इंजेक्शन सुचवतं, कुणी एमआरआय काढायला पाठवतं, तर कुणी दुर्बिणीतून ऑपरेशन करून हाड घासून घ्यायचा पर्याय देतं. घरचे सांगतात, "हात हलवूच नको."

यातलं खरं काय धरायचं? गेल्या दहा-पंधरा वर्षांत या दुखण्यावर ब्रिटन, फिनलंड आणि स्वीडनमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यातून निघणारं उत्तर बरंच दिलासा देणारं आहे. बहुतेक रुग्णांसाठी पहिला उपचार म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. तो बराचसा घरी करता येतो. मात्र त्याला साधारण तीन महिने द्यावे लागतात.

खांद्यात असतं तरी काय?

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल वाटीत घट्ट बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा पाठीच्या वरच्या भागातल्या त्रिकोणी हाडाच्या, म्हणजे खवाट्याच्या, उथळ वाटीवर टेकलेला असतो. बशीवर मोसंबी ठेवावी तसा. त्यामुळे हात जवळपास सगळ्या दिशांना फिरतो, पण मोसंबी बशीवरून घरंगळू नये याची जबाबदारी स्नायूंवर येते.

हे काम चार छोटे स्नायू करतात. त्यांची नावं सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. या चौघांच्या टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, हाडाच्या माथ्याभोवती एखाद्या बाहीच्या कफसारख्या गुंडाळलेल्या असतात. म्हणून त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. दंडावरचा मोठा स्नायू हात वर ओढत असताना हे चौघे माथ्याला वाटीच्या मध्यभागी धरून ठेवतात.

या सगळ्याच्या वर हाडाचं एक छत असतं. त्याला 'ॲक्रोमिअन' म्हणतात. खांद्याच्या टोकावर बोट ठेवलं की जे कडक लागतं, तेच हे छत. छत आणि माथा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून सुप्रास्पायनेटसची टेंडन जाते. तिच्यावर पातळ पिशवीसारखी एक गादी असते, तिला 'बर्सा' म्हणतात. हात वर जाताना नेमकी याच भागात कळ येते.

हात डोक्यावर पूर्ण न्यायचा तर खवाट्यालाही फिरावं लागतं. हाताच्या एकूण उचलीतला साधारण एक तृतीयांश भाग खवाट्याच्या फिरण्यातून येतो. म्हणून खांद्याच्या व्यायामात पाठीचे स्नायूही येतात.

'इम्पिंजमेंट' हा शब्द आला कुठून?

इम्पिंजमेंट म्हणजे चिमटणं, मध्ये सापडून घासलं जाणं. अमेरिकन अस्थिरोग शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये एका शोधनिबंधातून ही कल्पना मांडली. हात वर नेताना टेंडन वरच्या हाडावर घासते, त्यातून सूज येते आणि पुढे ती फाटू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. मग उपाय ओघानेच आला: छताचा खालचा भाग थोडा घासून जागा मोकळी करायची. पुढे हे ऑपरेशन दुर्बिणीतून करता येऊ लागलं आणि जगभर लाखो लोकांवर झालं.

कल्पना समजायला सोपी होती, म्हणून ती टिकली. पण नंतरच्या अभ्यासांत ती अपुरी ठरत गेली. हात वर नेताना ही जागा निरोगी खांद्यातही कमी होतेच. अनेक रुग्णांत मूळ अडचण टेंडनच्या क्षमतेत दिसते. तिच्यावर एकदम जास्त भार आला, किंवा अनेक महिने वापर नसल्याने ती अशक्त झाली, की रोजचं कामही तिला झेपत नाही आणि ती दुखू लागते.

म्हणून आता बरेच तज्ज्ञ 'सबॲक्रोमिअल पेन' किंवा 'रोटेटर कफशी संबंधित खांदेदुखी' अशी नावं वापरतात. हा फक्त शब्दांचा खेळ नाही. 'आत हाड घासतंय' असं ऐकलेला माणूस हात हलवायला घाबरतो. हात वापरला नाही की स्नायू आणखी अशक्त होतात आणि दुखणं लांबतं. 'टेंडनची ताकद कमी पडतेय' असं समजलेला माणूस ताकद वाढवायच्या मागे लागतो.

ऑपरेशनची परीक्षा झाली तेव्हा

ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २०१८ मध्ये ती 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाचं हाड घासण्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या गटात फक्त दुर्बीण घालून आत पाहिलं, हाडाला हात लावला नाही. तिसऱ्या गटावर काहीच उपचार झाले नाहीत. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत फरक दिसला नाही. काहीच न केलेल्या गटापेक्षा ते थोडे बरे होते, पण तो फरक रुग्णाच्या रोजच्या जगण्यात जाणवेल इतका मोठा नव्हता.

त्याच वर्षी फिनलंडमधल्या २१० रुग्णांवरची चाचणी 'बीएमजे'मध्ये आली. तिथेही हाड घासण्याच्या ऑपरेशनची तुलना नुसत्या दुर्बिणीच्या तपासणीशी केली होती. दोन वर्षांनंतरही खऱ्या ऑपरेशनचा जास्तीचा फायदा दिसला नाही. तिसरा गट व्यायामाचा होता. त्याच्या तुलनेत ऑपरेशनवाल्यांचे आकडे किंचित बरे होते, पण तोही फरक महत्त्वाचा मानण्याइतका नव्हता.

हे सगळे पुरावे एकत्र पाहून 'बीएमजे'च्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये स्पष्ट शिफारस केली: इजा न होता सुरू झालेल्या आणि तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या अशा खांदेदुखीसाठी हे ऑपरेशन करू नये.

ही शिफारस खांद्याच्या सगळ्या ऑपरेशनना लागू नाही. पडून किंवा अपघातात टेंडन पूर्ण फाटली असेल तर ती शिवण्याचा निर्णय वेगळा असतो आणि तो लवकर घ्यावा लागतो.

हेच दुखणं आहे हे कसं ओळखतात?

बहुतेक वेळा तपासणीवरूनच अंदाज येतो. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखतं आणि त्याच्या पुढे कमी होतं. याला 'पेनफुल आर्क' म्हणतात. हात बाहेर किंवा वर ढकलताना तपासणाऱ्याने विरोध केला की दुखतं. दुखणं बहुधा दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं, त्यामुळे अनेकांना वाटतं की दंडच दुखतोय.

एमआरआय सुरुवातीला सगळ्यांना लागत नाही. त्यामागे कारण आहे. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या, ४० ते ७० वर्षांच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली. त्यातल्या ९६ टक्के पुरुषांच्या खांद्यात काही ना काही बदल दिसले: बर्सा जाड झालेली, टेंडन झिजलेली, कुठे थोडी फाटलेली. वयानुसार केस पांढरे होतात तसे खांद्याच्या आतही बदल होतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'पार्शल टिअर' लिहिलेलं दिसलं म्हणून दुखण्याचं कारण तेच, असं लगेच म्हणता येत नाही.

काही दुखणी मात्र वेगळी काढावी लागतात:

• फ्रोझन शोल्डर: यात खांदा आखडतो. दुसऱ्याने हात धरून फिरवला तरी तो फिरत नाही. कोपर अंगाजवळ ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला नेता येत नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये हे जास्त आढळतं. इम्पिंजमेंटमध्ये हात दुखतो, पण दुसऱ्याच्या मदतीने बऱ्यापैकी वर जातो.
• मानेतून येणारं दुखणं: मान वळवली की वाढतं, कोपराच्या खाली उतरतं, बोटांना मुंग्या येतात.
• टेंडन पूर्ण फाटणं: पडल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक हात उचलताच येत नाही.

फिजिओथेरपीचे तीन टप्पे

पहिला टप्पा: दुखणं शांत करणं

सुरुवातीचे एक ते तीन आठवडे खांद्याला चिडवणाऱ्या गोष्टी कमी करायच्या, पण हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. वर हात करून लागणाऱ्या वस्तू काही दिवस खालच्या फळीवर आणायच्या. उचलायचं असेल ते कोपर वाकवून, अंगाजवळ धरून उचलायचं. रात्री दुखऱ्या कुशीवर न झोपता पाठीवर किंवा दुसऱ्या कुशीवर झोपायचं आणि दुखऱ्या हाताखाली उशी घ्यायची.

या काळात हलके व्यायाम सुरू होतात. टेबलाला चांगला हात टेकून पुढे वाकायचं आणि दुखरा हात लोलकासारखा सैल झुलवायचा. टेबलावर फडकं ठेवून त्यावर हात पुढे-मागे सरकवायचा. किंवा काठी दोन्ही हातांनी धरून चांगल्या हाताच्या जोरावर दुखरा हात वर न्यायचा. बर्फ घ्यायचा की गरम शेक, हे ज्याला ज्याने बरं वाटेल त्यावर ठरवायला हरकत नाही.

दुसरा टप्पा: ताकद वाढवणं

उपचाराचा गाभा हा आहे. यात दोन गट लक्षात घेतले जातात: रोटेटर कफचे चार स्नायू, आणि खवाटा धरून ठेवणारे पाठीचे व बरगडीवरचे स्नायू. नेहमी दिले जाणारे व्यायाम असे:

• भिंतीला दाब: कोपर काटकोनात वाकवून अंगाला लावायचं. पंजाची मागची बाजू भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकवून, हात न हलवता बाहेरच्या दिशेने दाब द्यायचा. काही सेकंद धरून सोडायचा.
• रबरी पट्ट्याने हात बाहेर नेणं: पट्टा दाराच्या कडीला बांधायचा. काखेत गुंडाळलेला टॉवेल धरायचा, कोपर अंगाजवळच ठेवायचं आणि पंजा सावकाश बाहेर न्यायचा. परत आणताना आणखी सावकाश.
• कुशीवर झोपून बाटली उचलणं: चांगल्या कुशीवर झोपून, वरच्या हाताचं कोपर वाकवून अंगावर ठेवायचं. हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली घेऊन पंजा छताकडे न्यायचा.
• पट्टा मागे ओढणं: वल्हं मारतात तसा दोन्ही हातांनी पट्टा मागे ओढायचा, खवाटे एकमेकांकडे आणायचे.
• भिंतीवरचे दंड: भिंतीला हात टेकून पुढे वाकायचं आणि परत यायचं. हात सरळ झाल्यावर पाठ अजून थोडी मागे ढकलायची. यात खवाटा बरगडीला धरून ठेवणारा स्नायू काम करतो.

प्रत्येक व्यायाम किती वेळा करायचा हे माणसागणिक बदलतं. स्वीडनमधल्या एका चाचणीत तो १५ वेळा, असे तीन फेरे, दिवसातून दोनदा दिला होता. आठ आठवड्यांनंतर दिवसातून एकदा. पट्टा सोपा वाटू लागला की जास्त ताणाचा घ्यायचा, बाटली हलकी वाटू लागली की एक लिटरची. वजन वाढलंच नाही तर ताकदही फारशी वाढत नाही. अनेकांचा व्यायाम इथेच अडकतो.

तिसरा टप्पा: आपल्या कामाकडे परत

ज्याला जे करायचं आहे, त्याची तयारी शेवटी होते. गृहिणीला भरलेला डबा फळीवर ठेवायचा असतो, रंगकाम करणाऱ्याला छताला ब्रश फिरवायचा असतो, गोलंदाजाला चेंडू टाकायचा असतो. म्हणून हात खांद्याच्या वर नेऊन वजन उचलणं, ढकलणं, फेकणं हळूहळू वाढवतात. खेळाडूंनी पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावू नये. षटकं किंवा फटके थोडे थोडे वाढवावेत.

व्यायाम करताना दुखलं तर?

थोडं दुखणं चालतं. ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे असह्य, असं धरलं तर ४-५ पर्यंतचं दुखणं चालेल, असं अनेक फिजिओथेरपिस्ट सांगतात. अट एकच: ते पुढच्या व्यायामाच्या वेळेपर्यंत पूर्वपदावर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळीही खांदा ठणकत असेल तर वजन किंवा फेरे कमी करायचे. व्यायाम पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही.

व्यायामाने खरंच फरक पडतो?

वर सांगितलेली स्वीडनमधली चाचणी २०१२ मध्ये 'बीएमजे'मध्ये आली. तिच्यातले रुग्ण ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीत होते. सगळ्यांना सुरुवातीला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. मग एका गटाला रोटेटर कफ आणि खवाट्याचे नेमके, वाढत जाणारे व्यायाम दिले, तर दुसऱ्या गटाला मान आणि खांद्याच्या साधारण हालचाली. तीन महिन्यांनी नेमके व्यायाम केलेल्यांपैकी २० टक्के रुग्णांनी ऑपरेशन हवं म्हटलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं.

मग फिजिओथेरपिस्टकडे किती वेळा जायचं? ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेली 'ग्रास्प' ही चाचणी २०२१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आली. एका गटाला सहापर्यंत भेटींतून व्यायाम शिकवला. दुसऱ्याला एकाच सविस्तर भेटीत सगळं समजावून घरी करायला दिलं. वर्षभराचा हिशेब पाहिला तर दोन्ही गटांत फरक नव्हता.

आपल्याकडे हा निष्कर्ष फार कामाचा आहे. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट नसतो, शहरात रोज जायचं तर मजुरी बुडते, आणि म्हणून अनेक जण उपचारच सोडून देतात. एक नीट भेट, व्यायाम बरोबर होतोय याची खात्री आणि मधून एखादी फेरी, एवढ्यावरही बहुतेकांचं काम होऊ शकतं. घरी एकट्याने नियम पाळला जात नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना जास्त भेटींचा उपयोग होईल.

शेक, करंट, मालिश, टेप आणि इंजेक्शन

अनेक ठिकाणी फिजिओथेरपी म्हणजे पाठोपाठ दहा दिवस मशीनवर झोपणं, अशीच समजूत आहे. खांद्याच्या या दुखण्यात करंट, अल्ट्रासाउंड, लेझर अशा उपचारांचा २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. त्यात ४७ चाचण्या तपासल्या होत्या. टेंडनमध्ये कॅल्शियम साठलेल्यांना अल्ट्रासाउंडने आणि काहींना लेझरने थोडा काळ आराम मिळू शकतो, याच्या पलीकडे ठोस काही हाती लागलं नाही. मशीनमुळे अपाय होतो असं नाही. पण वेळ आणि पैसे तिथेच संपले आणि व्यायाम राहून गेला, तर नुकसान होतं.

मालिश किंवा हाताने सांधा हलवण्याच्या तंत्रांनी काही दिवस बरं वाटू शकतं आणि व्यायाम करणं सोपं जातं. टेपचंही तसंच. ही सगळी सोबतीला ठीक आहेत.

स्टिरॉइडचं इंजेक्शन दुखणं लवकर कमी करतं, पण परिणाम काही आठवड्यांपुरता असतो. 'ग्रास्प' चाचणीतही वर्षभराचा हिशेब पाहता इंजेक्शनचा फायदा उरला नाही. रात्रीची झोप उडाली असेल आणि व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर डॉक्टर ते सुचवू शकतात. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते.

फिजिओथेरपिस्ट निवडताना काय विचाराल?

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी आहे का हे विचारण्यात काही चुकीचं नाही. त्यासोबत हे प्रश्न विचारा:

• घरी कोणते व्यायाम करायचे आणि किती वेळा?
• वजन कधी आणि कसं वाढवायचं?
• सहा आठवड्यांनी काय बदललेलं दिसायला हवं?
• माझं काम किंवा खेळ पूर्ण बंद करायचा की थोडा कमी?

या प्रश्नांची उत्तरं न देता फक्त पॅकेजचे दर सांगितले जात असतील, तर दुसरीकडे विचारून पाहा.

थांबू नका, डॉक्टरांना दाखवा

• खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम, धाप किंवा जबड्यात दुखत असेल तर ते हृदयविकाराचं लक्षण असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा.
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर हात उचलता येत नसेल, किंवा खांद्याचा आकार बदललेला दिसत असेल.
• ताप, खांद्यावर लाली, सूज किंवा गाठ असेल.
• कारण नसताना वजन घटत असेल किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल.
• हाताची ताकद किंवा संवेदना कमी होत असेल.
• तीन महिने नेमाने व्यायाम करूनही काहीच फरक नसेल.

बरं व्हायला किती दिवस?

पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. अनेकांची आधी रात्रीची झोप सुधारते, मग रोजची कामं सोपी होतात, आणि खांद्याच्या वरची जड कामं शेवटी जमतात. सहा ते बारा आठवड्यांत सुधारणा जाणवायला लागते. काहींना सहा महिनेही लागतात, आणि मध्ये एखादा आठवडा दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. अशा वेळी दोन पायऱ्या मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची. बरं वाटल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा पट्ट्याचे व्यायाम चालू ठेवले तर खांद्याची कमावलेली ताकद टिकते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याचं निदान आणि व्यायामाचं प्रमाण डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून तपासून ठरवा.)